नऊ नंबरची विहीर

सरपोतदार साहेब शेडमध्ये आले तेव्हा मी दगड चाटत होते.

यात लाजण्यासारखं काही नाही. जिभेने ओला केला की दगडातला कण न् कण उठून दिसतो. वाळू कुठली, शिंपल्याचा चुरा कुठला, ते कळतं. भूशास्त्र शिकलेली सगळीच माणसं हे करतात, फक्त चारचौघांत कबूल करत नाहीत. आमच्या शेडमध्ये चारचौघं नव्हतीच, त्यामुळे मी बिनधास्त चाटत असे. साहेबांना दारात बघितल्यावर मात्र मी घाईघाईने ओढणीने तोंड पुसलं.

"चालू द्या, मिस अष्टपुत्रे," साहेब म्हणाले. "कंपनीने तुमचा जेवणाचा भत्ता बंद केला हे माहीत होतं, पण इतकी वेळ आली असेल असं वाटलं नव्हतं."

मी हसले. सहा वर्षांत त्या शेडमध्ये कुणी विनोद केला नव्हता, म्हणून जरा जास्तच हसले.

शेड पेणच्या पलीकडे, खाडीकाठी, मिठागरांच्या मधोमध होती. कंपनीचं नाव सिंधुतारा ऑइल. समुद्रात तेलाची विहीर खोदताना मधूनमधून पोकळ गिरमिटाने मुसळाएवढा जाड, अखंड दगड कापून वर काढतात. त्याला कोअर म्हणतात. तळाखाली काय दडलंय ते त्या दगडावरून ताडायचं असतं. त्याचे मीटर-मीटरचे तुकडे करून पेट्यांत भरायचे, पेटीवर विहिरीचा नंबर आणि खोली लिहायची, आणि पेट्या फळ्यांवर रचून जपायच्या. हे जपण्याचं काम माझं. पोरगी हुशार आहे म्हणून कंपनीने मला घेतलं, पोरगी आहे म्हणून समुद्रातल्या रिगवर, खोदकामाच्या फलाटावर, पाठवलं नाही. माझा समुद्र पेट्यांत भरून माझ्याकडे यायचा.

शेडमध्ये दुसरं माणूस एकच, हिराजी ठाकूर. तिथल्याच गावचा, पंचावन्नच्या पुढचा, चौथीपर्यंत शिकलेला. तो दगड धुवायचा, कापायचा आणि त्यांच्यावर रेघा ओढायचा. प्रत्येक दगडावर उभ्या दोन रेघा, एक तांबडी, एक काळी. तांबडी उजव्या हाताला आली की दगडाची वरची बाजू वर आहे असं समजायचं. उद्या पेटी उलटली, तुकडे सांडले, तरी कुठल्या तुकड्याचं डोकं कुठे आणि पाय कुठे ते चुकत नाही. चार हजारांच्या वर पेट्या होत्या आणि हिराजीदादाला त्यातली कुठलीही अंधारात हात घालून काढता आली असती. मला तो 'बाय' म्हणायचा. मला घरातल्यासारखी हाक मारणारं तेवढंच माणूस होतं. आई गेली होती, भाऊ पुण्याला त्याच्या संसारात, लग्नाचं जमता जमता राहिलेलं. पेणला एका खोलीत भाड्याने राहायचे. शनिवारी दुपारी शेडला कुलूप लागलं की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. सोमवारी "हिराजीदादा, चहा झाला का" म्हटलं की आवाज घोगरा यायचा, आणि तो म्हणायचा, "बाय, सर्दी झाली काय?" मी हो म्हणायचे. दर सोमवारी सर्दी.

तर साहेब बसले. ते शोध विभागाचे प्रमुख, वांद्र्याच्या ऑफिसातून कधीतरीच इकडे फिरकायचे. हिराजीदादाने चहा आणून ठेवला आणि तो मागे दगड धुवायला गेला.

"दिल्लीहून तपासनीस येतोय," साहेब म्हणाले. "पंधरा दिवसांनी. त्याला नऊ नंबरच्या विहिरीचे कोअर बघायचेत."

"नऊ नंबरचे कोअर आपल्याकडे नाहीत, सर."

"हो ना. तेच तर."

नऊ नंबरची विहीर म्हणजे आमच्यात एक उघडं गुपित होतं. चारच महिन्यांपूर्वी, सातशे मीटर खाली गेल्यावर काम थांबवून कंपनीने भाड्याची रिग परत पाठवून दिली होती. कोअर कापायची वेळच आली नव्हती. कागदावर मात्र ती विहीर अडीच हजार मीटर खाली जाऊन आली होती.

"मग तसं सांगूया," मी म्हटलं. "पुरी खोदली नाही म्हणून."

साहेबांनी चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

"मिस अष्टपुत्रे, सरकारने आपल्याला सात वर्षं करात सवलत दिली, ती कशासाठी?"

"नव्या विहिरी खोदण्यासाठी."

"आणि त्या वाचलेल्या पैशाचं आपण काय केलं?"

मला खरंच माहीत नव्हतं. महिन्याच्या महिन्याला पगार यायचा आणि दर वर्षी पेट्या कमी कमी यायच्या, एवढंच मला माहीत.

"आपलेच शेअर बाजारातून परत विकत घेतले," साहेब बोटांवर मोजत म्हणाले. "भागधारकांना घसघशीत लाभांश वाटला. वांद्र्याला अकरा मजले काचेचे उभे केले. शेअरचा भाव चढला की वरच्या मंडळींचा बोनस चढतो, तेव्हा तेही खूश. विहिरीच्या तळाशी तेल लागेल का पाणी, ते ब्रह्मदेवाला ठाऊक. शेअर परत विकत घेतले की भाव चढतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग कुठला शहाणा खोदत बसेल?"

"पण सवलत खोदण्यासाठी होती ना, सर?"

"होती. आणि पुढेही चालू राहायची तर नऊ नंबर दाखवावी लागेल. सवलत गेली तर पहिली कुऱ्हाड कुणावर? शोध विभागावर. म्हणजे तुमच्यावर आणि त्या हिराजीवर." त्यांनी बशी खाली ठेवली. "चार नंबरची विहीर नऊपासून अगदी जवळ होती. दगड तोच. अकरा वर्षांपूर्वी काढलेले कोअर पडून आहेत तुमच्याकडे. सव्वीस पेट्या घ्या, नंबर बदला, खोली बदला. दगडाला काय कळतंय त्याचं नाव काय ते."

मी हातातला दगड पेटीत ठेवला.

"वांद्र्याला सातव्या मजल्यावर एक जागा आहे," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "खिडकीशी टेबल. चेंबूरला क्वार्टर. आजूबाजूला माणसं. किती वर्षं झाली तुम्हाला इथे?"

"सहा."

"पुरे झाली की."

पुरे झाली की. सहा वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं, भावानेसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं मी घाबरले, म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी भीतीने रडत नव्हते. मला त्या खिडकीशी असलेल्या टेबलावर जाऊन बसायचं होतं, आत्ताच्या आत्ता.

हिराजीदादाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. अर्धवटच सांगितलं, पण त्याला पुरतं कळलं.

"बाय, चार नंबर तो चार नंबर," तो म्हणाला. "त्याला नऊ कसा म्हनायचा?"

"वरून हुकूम आहे."

"वरती दगर वलखतो कोन?" त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. "ह्यांचे नंबर मी घातलेत. माझ्या हातांनी. तवा तुम्ही नव्हत्या आल्या हिथं."

"दादा, नाही केलं तर शेड बंद करतील. तुमची नोकरी जाईल."

"आनि केला तर?"

"केलं तर राहील." मुंबईचं मी त्याला सांगितलं नाही. ते पोटातच ठेवलं.

त्याने ब्रश उचलला. पुढचे बारा दिवस आम्ही तेच केलं. थिनरने जुने नंबर पुसायचे, तारेच्या ब्रशने रेघा खरवडायच्या, नव्या ओढायच्या. खोदताना गिरमिटाभोवती चिखल सोडतात; नऊ नंबरच्या चिखलात डिझेल मिसळलं होतं असं कागदावर होतं आणि तसल्या विहिरीतला ताजा दगड डिझेलने घमघमतो. म्हणून जनरेटरमधलं डिझेल काढून प्रत्येक तुकड्यावर बोळा फिरवायचा. हिराजीदादा एकदाही कुरकुरला नाही. फक्त बोलायचा बंद झाला. आधी दगड धुताना तो मला गावातली भांडणं सांगायचा, कुणाच्या मुलीचं कुठे ठरलं ते सांगायचा, मिठाचा भाव पडला की मिठागरवाल्यांना शिव्या घालायचा. आता फक्त ब्रशचा आवाज. दोन माणसं समोरासमोर बसून एकटी असू शकतात हे तेव्हा मला नव्यानेच कळलं, आणि पेणची खोली त्याच्यापुढे बरी वाटायला लागली.

बाराव्या दिवशी पंचवीस पेट्या झाल्या. तेराव्या दिवशी तो आलाच नाही. गावातल्या एका माणसाबरोबर निरोप आला, अंगात कणकण आहे. मला कळायचं ते कळलं. सव्विसावी पेटी मी एकटीने केली. माझ्या हाताने पुसली, माझ्या हाताने लिहिली. खोट्याचा शेवट दुसऱ्याकडून करून घेता येत नाही बहुतेक.

तपासनिसाच्या दिवशी मात्र हिराजीदादा वेळेवर हजर होता, धुतलेला सदरा घालून. माझ्याकडे न बघता त्याने सव्वीस पेट्या टेबलांवर मांडल्या.

तपासनीस सुटाबुटातला, घाईतला असेल असं मी धरून चालले होते. आले ते वझलवार नावाचे सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ, नागपूरचे, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दोरीला भिंग. निवृत्त भूशास्त्रज्ञ होते. सरकार त्यांना असल्या कामाला बोलवायचं.

सरपोतदार साहेबांनी त्यांना नारळपाणी पाजलं, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग त्यांचा मोबाइल वाजला. शेडमध्ये रेंज नीट मिळत नसे, म्हणून ते बोलत बोलत बांधावर गेले. आत आम्ही तिघंच उरलो.

वझलवार एकेका पेटीशी थांबत, वाकत, भिंग लावून बघत पुढे सरकले. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. "सुंदर," एकदा म्हणाले. "किती नीट ठेवलंय हो तुम्ही. हल्ली कोण ठेवतं?" मला इतकं बरं वाटलं की क्षणभर मी विसरलेच ते काय बघतायत ते. माझं काम बघायला सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी आलं होतं, आणि ते हे होतं.

"इथे एकट्याच असता का हो, मॅडम?"

"हिराजीदादा आहेत ना."

"हो हो. तेही आहेतच." त्यांनी हिराजीदादाकडे बघून मान हलवली. हिराजीदादानेही हलवली.

शेवटच्या पेटीशी ते आले. खिशातून छोटी हातोडी काढली, मला विचारलं, "चालेल ना?", आणि एका तुकड्याच्या टोकाला टिचकी मारली. आतली खपली निघाली. ती त्यांनी बोटांत धरली आणि जिभेला लावली.

बोटं काढली तरी खपली पडली नाही. जिभेलाच लटकून राहिली.

मग त्यांनी ती अलगद सोडवली. "चिकटला," ते म्हणाले.

समुद्राखालून नुकताच आलेला दगड आतपर्यंत भिजलेला असतो, तो जिभेला चिकटत नाही. चिकटतो तो वर्षानुवर्षं सुकलेला. आम्ही वरून डिझेल पुसलं, रेघा बदलल्या, अक्षर बदललं. आणि दिवसातून दहा वेळा दगड चाटणाऱ्या बाईला, समोरचाही चाटून बघेल, हे सुचलं नाही. सहा वर्षं मी एकटीच चाटत होते ना. जगात दुसरं कुणी चाटतं हेच मी विसरले होते.

वझलवारांनी खपली पेटीत परत ठेवली. मग त्यांनी हिराजीदादाला विचारलं, "काय हो, ही पेटी कोणत्या विहिरीची?"

हिराजीदादाने माझ्याकडे बघितलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

"बाय सांगतील," तो म्हणाला.

"बरोबर आहे. त्यांनीच सांगायला पाहिजे." वझलवारांनी फाइल उघडून टेबलावर ठेवली. "असं आहे मॅडम, जिभेवर रिपोर्ट लिहिता येत नाही. मी म्हातारा, माझी जीभ म्हातारी, दिल्लीला कोण ऐकतं? पण इथल्या जाणकार तुम्ही. तुम्ही सही करून जे लिहून द्याल ते मी पुढे पाठवतो. एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. विचार करून सांगा. हा दगड कोणत्या विहिरीचा?"

त्यांनी घाई केली नाही. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मला वाटतं थोडी आशा होती. बाहेर बांधावर साहेब फोनवर मोठ्याने हसत होते. हिराजीदादा पेटीच्या कडेवर हात ठेवून उभा होता. मला चार नंबर म्हणायचं होतं. म्हणजे जीभ तशी वळलीही होती. पण डोळ्यांपुढे आला रविवार. पेणच्या खोलीतला, दुपारचा, भांडं घासून पालथं घातल्यानंतरचा रविवार. अजून किती? उरलेली वीस वर्षं नोकरी म्हणजे किती रविवार?

"नऊ नंबरचा," मी म्हणाले आणि सही केली.

"बरं," वझलवार म्हणाले. त्यांनी फाइल मिटली, हातोडी खिशात घातली आणि हिराजीदादाला चूळ भरायला पाणी मागितलं. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

महिन्याभरात माझी बदली झाली. हिराजीदादाला ते पत्र येईपर्यंत मी सांगितलं नव्हतं. त्याने पत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं, मला परत दिलं आणि म्हणाला, "बरा झाला, बाय. तुमची सर्दी जाईल आता."

त्याला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं.

वांद्र्याला सगळं कबूल केल्याप्रमाणे मिळालं. सातवा मजला, खिडकी, क्वार्टर. डबा खायला पन्नास माणसं एकत्र बसायची आणि घरांच्या कर्जाबद्दल, मुलांच्या शाळांबद्दल बोलायची. मला त्यातलं काहीच नव्हतं आणि मला जे होतं ते त्यांतल्या कुणालाच नको होतं. एकदा मी कौतुकाने टेबलावर चुनखडीचा एक तुकडा ठेवला, तर सफाईवाल्याने कचरा समजून टाकला. त्याला तरी काय बोलायचं? माझं काम वार्षिक अहवालातलं 'शोधकार्य' हे पान लिहायचं. विहिरी नव्हत्या, पान मात्र दर वर्षी लागायचं. पहिल्या वर्षी मी नऊ नंबरच्या विहिरीवर दोन परिच्छेद लिहिले, आणि सगळ्यांनी ते छान झालेत म्हणून सांगितलं. त्याच अहवालात, माझ्या पानाच्या पुढच्याच पानावर, कंपनीने त्या वर्षी पुन्हा आपलेच शेअर विकत घेतल्याचं छापलं होतं. सवलत चालू राहिली होती ना.

आणि शेड? शेड पाच महिन्यांत बंद झाली. सवलत मिळाली, खोदायचं काही नव्हतंच, मग दगड जपून काय करायचं? कुऱ्हाड पडायची तिथे पडलीच, फक्त मी तिच्या खालून निघून आले होते. परिपत्रक माझ्याच टेबलावरून गेलं. शेडला लावायला मी फोन उचलला आणि ठेवून दिला. काय बोलणार होते?

त्यानंतर महिन्याभराने खालून रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमचे कोणी गाववाले आलेत."

खाली गेले तर चकचकीत फरशीवर, चपला काढून हातात घेतलेला, हिराजीदादा उभा होता. त्या फरशीवर चपलांनी चालावं की नाही हे त्याला ठरवता आलं नसावं. दुसऱ्या हातात पिशवी.

"दादा! अहो, चपला घाला. बसा. कधी आलात?"

"बसत नाय, बाय. साडेतीनची गारी हाय." त्याने पिशवी माझ्या हातात दिली. "पापर हायत. घरच्या बायकांनी केलेत." मग सदऱ्याच्या खिशातून चार घड्या केलेला वहीचा कागद काढला. "शेडच्या पेट्या परवा न्यायला ट्रक येतंय. खारीत बांध घालतायत, त्याच्या भरनीला."

"सगळ्या?"

"सगल्या."

चार हजार पेट्या, पंचवीस विहिरी, समुद्राच्या पोटातून उचलून आणलेला एक अख्खा डोंगर, आणि तो खाडीकाठच्या खारीच्या चिखलात.

"तर मी काय केला," तो म्हणाला, "पगार बंद झाला तरी किल्ली माझ्याकडं व्हती. रोज जाऊन त्या पेट्यांवरचे नंबर परत घातले. खरे. रेघापन. पंचवीस झाल्या. मीच पुसल्या व्हत्या ना, मना पाठ हायत. एक ऱ्हायली." त्याने कागद उलगडला. पेन्सिलीने ओळीने सव्वीस आकडे मांडले होते, आणि पंचवीस नंबरांपुढे चार नंबरच्या विहिरीची खरी खोली लिहिली होती. सव्विसाव्या आकड्यापुढे जागा मोकळी. "ती तुम्ही केली व्हती. त्या दिसा मी नव्हतो. तिची खोली काय, तेवढी सांगा."

"दादा, पण त्या भरणीतच जायच्यात ना? मग कशाला?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली बाई, हिला हे कसं कळत नाही.

"मातीत जायचाय म्हनून दुसऱ्याच्या नावानी पाठवायचा काय, बाय?"

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि सरपोतदार साहेब बाहेर आले, बरोबर दोन पाहुणे. हिराजीदादाला ओळखून ते थांबले. "अरे वा, हिराजी! काय काम काढलंस?" ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांची नजर कागदावर गेली की नाही, मला अजून सांगता येत नाही.

हिराजीदादाने कागद माझ्यापुढे धरूनच ठेवला, पेन्सिल वर, आणि वाट बघत राहिला.

"आठवत नाही, दादा," मी म्हणाले.

त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. "व्हय. दिवसपन लय झाले." कागदाच्या पुन्हा चार घड्या केल्या, खिशात घातला. साहेबांना नमस्कार केला, मला केला, आणि दाराबाहेर गेल्यावर चपला पायात घातल्या.

साहेब पाहुण्यांना घेऊन गाडीत बसून निघून गेले. मी तिथेच उभी. समोरच्या बसस्टॉपवर तो मला काचेतून दिसत होता. बसला वेळ लागला, चांगला अर्धा तास. मला ओळखणारं या शहरात आलेलं एकुलतं एक माणूस रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभं होतं, मध्ये एक काच आणि एक रस्ता. आता साहेब नव्हते, कुणीच नव्हतं. धावत जाऊन एक आकडा सांगायचा, बस. मी गेले नाही. गेले असते तर त्याला कळलं असतं की मला आठवत होतं. मघाशीही, आणि वझलवारांपुढेही. बस आली, तो चढला आणि मी पापडांची पिशवी घेऊन सातव्या मजल्यावर गेले.

याला आता बावीस वर्षं झाली. हिराजीदादा केव्हाच गेला. मी निवृत्त झाले. चेंबूरच्या क्वार्टरमधून भाड्याच्या खोलीत आले, आणि सोमवारी सकाळी माझा आवाज अजून घोगरा येतो.

विहीर नंबर चार. खोली एक हजार आठशे बारा मीटर. हिराजीदादा, मला आठवत होतं.